कोळशातली कचकच

कोळसा दळायचा असतो, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. कोळसा जाळतात, इस्त्रीत भरतात, फार तर पूड करून दाताला लावतात, एवढंच माझं ज्ञान. म्हणून वडिलांनी जेव्हा सांगितलं की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दगडी कोळशाचं पीठ करायचा कारखाना काढलाय, तेव्हा मी विचारलं, "मग भाकरीपण तिथंच थापतात का?" वडील हसले नाहीत. म्हणाले, "नोकरी हवी असेल तर तोंड आवर."

नोकरी हवीच होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि वर्षभर घरी बसून स्थळं बघत होते, म्हणजे स्थळं मला बघत होती. त्या गृहस्थांना कोळसा तपासायला कोणीतरी शिकलेलं माणूस पाहिजे होतं, आणि ते देत होते तेवढ्या पगारात शिकलेला पुरुष येत नव्हता. मग मुलगी चालेल का, असा विचार त्यांनी केला आणि चालेल असं ठरवलं. सगळ्या शेडीत मी एकटी बाई. पहिल्या आठवड्यात हमाल मला बघून पोतं चुकीच्या खांद्यावर घ्यायचे.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. मधोमध आडवं ठेवलेलं भलंमोठं लोखंडी पिंप, आमच्या स्वयंपाकघराएवढं. त्याच्या पोटात मुठीएवढे लोखंडी गोळे. फोडलेला कोळसा आत टाकायचा, झाकण आवळायचं आणि बटण दाबायचं. पिंप फिरायला लागलं की गोळे वर चढतात, वरून कोळशावर पडतात, पुन्हा चढतात. चार तासांनी उघडलं की आत काळं, मैद्यासारखं पीठ. सगळे त्या पिंपाला नुसतं 'मशीन' म्हणत. ते चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडायचं.

हे पीठ जायचं शहरातल्या फौंड्र्यांमध्ये, जिथं यंत्रमागाची चाकं आणि चौकटी ओतत. साचे वाळूचे असतात. त्या वाळूत कोळशाचं पीठ मिसळलं की लोखंडाचा रस ओतताक्षणी पीठ पेटतं, त्याचा वायू रस आणि वाळू यांच्या मध्ये उभा राहतो आणि वाळू लोखंडाला चिकटत नाही. भाकरी थापताना परातीत कोरडं पीठ का भुरभुरतात, हे ज्या बाईला माहीत आहे तिला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मला ती पहिल्याच दिवशी पटली आणि मी त्या धंद्याच्या प्रेमात पडले. उगाच दुसरा शब्द कशाला वापरू?

माझं काम असं. मालधक्क्यावरून कोळशाचा ट्रक आला की ढिगावर जायचं, सूपभर कोळसा घ्यायचा, नीट करून खोलीत आणायचा, लोखंडी खलबत्त्यात कुटायचा, बारीक चाळणीनं चाळायचा. मग त्यातलं चिमूटभर वजन करून छोट्या विजेच्या भट्टीत जाळायचं. जळून जे उरेल ती राख. राख म्हणजे कोळशात कोळसा नसलेलं जे काही आहे ते. ती जेवढी कमी तेवढा माल चांगला. राखेचं वजन छापील फॉर्मवर लिहायचं, खाली सही करायची आणि फॉर्म मालकांच्या टेबलावर ठेवायचा. सूप मी घरून आणलं होतं, कारण तिथं घमेल्याशिवाय काही नव्हतं आणि घमेल्यात मला नीट दिसायचं नाही. त्यावरून पुष्कळ हसून झालं.

मशीन चालवायला एक मामा होते. सोलापुरात कारखान्यातल्या वयस्कर माणसाला मामाच म्हणतात. मंद्रूपकडचे धनगर, पन्नाशीचे, उन्हातान्हात रापलेले. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, मग पोटामागं शहरात आले. आठवडाभर एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत राहायचे आणि मंद्रूपच्या बाजाराला घरी जायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं. मशीनकडं पाठ करून उभे राहायचे, डोळे मिटल्यासारखे. मग एकदम वळून म्हणायचे, "झालं. दळलं." मी चाळणी घेऊन धावायचे, पीठ तपासायचे, आणि ते झालेलंच असायचं. मला याचा रागच यायचा. तीन वर्षं कॉलेजात घासलेली मी, आणि हा माणूस पाठीमागून सांगणार?

"मामा, तुम्हाला कळतं कसं?"

"आवाज मऊ होतो की, बाई."

दुसरी त्यांची तऱ्हा याहून वाईट. पीठ चिमटीत घ्यायचे आणि सरळ तोंडात टाकून पुढच्या दातांनी चावायचे. थुंकायचे. "ग्वाड हाय," म्हणायचे. गोड म्हणजे चांगलं. मी म्हणाले, "कोळसा खाता काय?" तर म्हणाले, "पिठात खडा हाय का न्हाय, ते कसं बगता तुमी? दातच सांगतो."

माझा रिकामा वेळ कोळशाचे तुकडे बघण्यात जायचा. लांबून कोळसा एकच काळा दिसतो. हातात घेऊन उजेडात फिरवला की तो एक नसतोच. काही पट्ट्या आरशासारख्या चमकतात, नखानं दाबल्या तरी चौकोनी कपच्या पडतात. त्यांच्याशेजारी मळकट, निस्तेज पट्ट्या. त्यांच्यावर हातोडा उसळून येतो. मध्येच एखादा रेशमासारखा मऊ थर, ज्याला नुसतं बोट लावलं तरी बोट काळं. कुठं राखाडी पाटीसारखा दगड, कुठं सोन्यासारखे बारीक ठिपके, जे सोनं नसून गंधक आणि लोखंड आहे हे मला पुस्तकामुळं माहीत होतं, पण हमालांना सांगायला मी टाळत होते. ठिपकेवाला तुकडा ते खिशात घालून न्यायचे. त्यांचं सुख मी कशाला घालवू?

मी त्या पट्ट्या सुटसुट्या करून एक खेळ सुरू केला. चमकत्या तुकड्यांचा एक ढीग, निस्तेज तुकड्यांचा दुसरा. दोन्हींचं वजन सारखं. खलबत्त्यात प्रत्येकाला मोजून पन्नास घाव, मग चाळणी, आणि खाली किती पडलं त्याचं वजन. चमकता जवळजवळ सगळा खाली. निस्तेज निम्माही नाही. दगडाचं तर विचारूच नका, त्यानं खलबत्त्यालाच चरे पाडले. मग दोन्ही मिसळून कुटले. मला वाटलं होतं की हिशेबानं मधलं काहीतरी येईल. आलं त्याहून कमी! चमकता कोळसा आधी पीठ होऊन बसला, आणि त्या पिठाच्या गादीवर निस्तेज तुकडे आरामात लोळत राहिले. घाव त्यांच्यापर्यंत पोचेचना. आई शेंगाचटणी कुटताना कच्चे दाणे भाजलेल्यांत का मिसळू देत नाही, ते मला त्या दिवशी कळलं. ओल्या कोळशाची आणखी एक तऱ्हा: तो तुटतो, पण गोळ्यांना चिकटून बसतो आणि पुढच्याला तुटू देत नाही. हे सगळं मी एका वहीत लिहीत गेले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नाही. मला फक्त जाणून घ्यायचं होतं, आणि त्यातच मी खूश होते.

थंडी सरता सरता घोळ सुरू झाला. चार तासांत होणारं दळण पाच तासांवर गेलं, मग सहा. झाकण उघडलं की पिठात गहू-ज्वारीएवढी कणी राहिलेली. फौंड्रीवाल्यांनी पोती परत पाठवली, चाकांना वाळू चिकटते म्हणून. आणि मशीनचे गोळे! दर महिन्याला ते बाहेर काढून बघायचे. संख्या बरोबर होती, पण नवे घातलेले गोळेसुद्धा लिंबाएवढे झाले होते.

मालक वाईट माणूस नव्हते. घरी कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही. शेतकी अवजारांच्या दुकानातून वर आलेले. धंद्यात चूक झाली की ती कोणाच्या तरी हातात सापडलीच पाहिजे, असं त्यांचं मत होतं. त्यांनी मामांना ऑफिसात बोलावलं, आणि मलाही. टेबलावर माझे तीन महिन्यांचे फॉर्म पसरलेले होते.

"हे बघ," ते मामांना म्हणाले, "ह्या मुलीनं प्रत्येक ट्रक तपासलाय. राख तेवढीच. कोळसा तोच. मग मशीन का दमतंय? आणि गोळे बारीक कसे झाले? नवे काढून भंगारात घातलेस आणि जुने आत टाकलेस, दुसरं काय?"

मामा उभे होते. त्यांचा चेहरा पहिल्यांदा नुसता गोंधळला, मग काळवंडला. "कोळसा त्यो न्हाय, मालक. दुसरा हाय ह्यो. दाताखाली कचकच लागतीया."

"तुझा दात खरा आणि कागद खोटा?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं लिहायचं तर मला त्यांची कीव आली नाही. राग आला. माझ्या फॉर्मपुढं दात! मी म्हणाले, "तपासणी बरोबर आहे." आवाजसुद्धा चढवला नाही मी. बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीच्या आवाजात म्हणाले.

मालकांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली. तोवर ते दुसरा माणूस बघणार, मामांनी मशीन चालवायचं आणि शनिवारी जायचं. एमआयडीसीत भिंतींना कान नसतात, पत्र्याला असतात. संध्याकाळपर्यंत शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यात बातमी गेली, तिथं मंद्रूपची चार माणसं होती. पुढच्या बाजाराला मामा गेले आणि त्याच दिवशी परत आले, घरी न राहता. हमालांपैकी एकानं मला सांगितलं, गावात त्यांना बघून कोणीतरी विचारलं, गोळे काय भावानं गेले म्हणून, आणि त्यांची सून तिथंच उभी होती.

ते ऐकून मात्र मला जेवण गेलं नाही. तरी खरं सांगते, मला टोचत होतं ते आधी निराळंच. मामा खोटं बोलत असतील, हे पटत नव्हतं. माझं वजन चुकलं असेल, हेही पटत नव्हतं. दोन्ही खरं कसं असेल? मी परत नमुना आणला, जाळला. राख तेवढीच. पन्नास घाव घातले. कोळसा पहिल्यासारखाच फुटला. तीनदा केलं. मग खोलीचं दार लावून घेतलं, मशीनमधलं पीठ चिमटीत घेतलं आणि दातांखाली धरलं.

कचकच. वाळवंटातली भाकरी खाल्ल्यासारखी. मग माझ्या खलबत्त्यातलं पीठ घेतलं. काहीच नाही, लोण्यासारखं. ढीग एक, दिवस एक, आणि पिठं दोन.

गोळ्यांचं लोखंड झिजून आत आलं असेल म्हणून चुंबक फिरवला. थोडं लोखंड निघालं, कचकच तशीच. शेवटी मशीनमधलं पीठच जाळून बघितलं, जे मी आजवर कधी केलं नव्हतं. राख दुपटीहून जास्त! म्हणजे जी राख ढिगात नव्हती ती मशीनमध्ये कुठून तरी येत होती. आणि मशीनजवळ एकच माणूस असतो. मामा पोती भरायला माती मिसळत असतील, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि चांगला पाच मिनिटं तिथं बसून राहिला. मी मालकांच्या ऑफिसाच्या दारापर्यंत गेलेही होते. आजही ते दार आठवलं की मला स्वतःची शरम वाटते.

मागं फिरले ती चांगुलपणामुळं नव्हे. मिसळलेली माती कोळशासारखी इतकी बारीक, इतकी एकजीव कशी होईल, ते कोडं सुटेना म्हणून. शुक्रवार होता. मी मामांना म्हणाले, "तुम्ही म्हणता कोळसा वेगळा आहे. चला, ढिगावर दाखवा."

ढीग शेडीच्या मागं, बाभळीच्या बाजूला. आदल्या दिवशीचा ट्रक. मी नेहमीसारखी सूप घेऊन उकिडवी बसले, दोन ओंजळी कोळसा सुपात घेतला, सूप हलवलं. मामा माझ्यामागं उभे होते. माझे हात चालू होते. राखाडी तुकडा दिसला, बाजूला टाकला. निस्तेज ढेकूळ, बाजूला. ठिपकेवाला, बाजूला. लहान, चमकते, कुटायला सोपे, ते सुपात. मी ते बघतही नव्हते. हे मी रोज करत होते. सहा वर्षांची असल्यापासून करत होते. ज्वारी गिरणीत जायच्या आधी आई सूप पुढ्यात सारायची आणि कानडीत म्हणायची, कल्ल नोडव्वा, म्हणजे खडे बघ गं बाई. खडा राहिला आणि बापाच्या दाताखाली आला तर नाव कोणाचं? घरात माझ्याइतकं स्वच्छ कोणी निवडत नसे. याचा मला अभिमान होता.

मामा खाली वाकले. मी बाजूला टाकलेले तुकडे त्यांनी एकेक करून गोळा केले आणि आपल्या तळहातावर घेतले. चांगली ओंजळ भरली. त्यांनी ती माझ्यापुढं धरली.

"बाई, हे कशाला काढलं?"

"दगड आहेत ते, मामा. नमुना स्वच्छ नको का?"

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. एखाद्या लेकराला काय सांगावं, असं. "आन मशीनला कोण निवडून देतंय, बाई? तितं तर आमी फावड्यानं टाकतो."

मी सुपाकडं पाहिलं. मग त्यांच्या ओंजळीकडं. सुपात होता त्याहून ओंजळीत जास्त होता.

कॉलेजात नमुने बाटलीतून येत. चिठ्ठी लावलेल्या, बुचाच्या बाटल्या. ढिगातून नमुना कसा घ्यावा, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं, कारण आमच्यापुढं ढीग कधी आलाच नाही. चमकता किती फुटतो आणि दगड किती फुटतो, हे सगळं माझ्या वहीत होतं. माझा हात काय करतो, ते वहीत नव्हतं. पहिल्या ट्रकांमध्ये दगडच कमी होते, तेव्हा माझं निवडणं कोणाला बाधलं नाही. मग कोळसा बिघडत गेला. तो जेवढा बिघडला तेवढे माझे हात जास्त निवडत गेले, आणि फॉर्मवर राख तेवढीच राहिली. दगड मशीनमध्ये जात होता, गोळे खात होता, दळण लांबवत होता. मी महिनोन्‌महिने घरची ज्वारी तपासत होते आणि त्यावर सही करत होते.

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून नमुना घेतला. मामा फावडं मारतील तिथून, डोळे झाकून, वरून, खालून, मधून. सगळ्याची रास केली, तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, पुन्हा रास, पुन्हा चार. काहीही फेकायचं नाही. एकदा माझा हात सवयीनं एका दगडाकडं गेला तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्याला." कुटताना खलबत्ता घणघणत होता. राख निघाली ती मशीनच्या पिठाएवढीच.

आता मालकांकडं जायचं होतं. शेडीतून ऑफिसापर्यंत वीस पावलं असतील. तेवढ्यात मी एक सोयीचं वाक्य जुळवलं, आणि आत गेल्यावर तेच बोलले. म्हणाले, "ह्या खेपेचा कोळसा वाईट निघालाय. दगड पुष्कळ आहे. दळण त्यामुळंच लांबतंय." मामा दारात उभे होते.

मालक खूश झाले. बोट ठेवायला कोळशाचा व्यापारी सापडला होता. "असं होय! मग आधी नाही का सांगायचं?" मग मामांना म्हणाले, "ठीक आहे, राहा तू. मशीन बघ." झालं. मिटलं. मी वळले.

"आन मागचं गोळे?" मामांनी विचारलं. मालकांना नाही. मला.

मालक माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, जमीन दुभंगावी, वगैरे. ती दुभंगत नसते. मी सांगितलं. सूप, निवडणं, बाजूला टाकलेले दगड, तीन महिन्यांचे फॉर्म, सगळं. गोळे कोणी विकले नाहीत, दगडानं खाल्ले, आणि तो दगड मी रोज स्वतःच्या हातानं लपवला. सांगताना मी मालकांच्या टेबलावरच्या काचेकडं बघत होते.

त्यांनी वरचा फॉर्म उचलून पाहिला. मग हसायलाच लागले, पोट धरून. "कोळसा निवडला! अगं, काय हे! घरंदाज पोरगी आहे, हाताची सवय जात नाही. सासरी नाव काढशील!" आणि पुढच्या खेपेपासून नीट बघ, एवढं म्हणून त्यांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकले.

माझ्या चुकीला एवढंच झालं. हसू. मामांनी चूक केली नव्हती तर त्यांना चोर म्हटलं गेलं. मी केली तर मला चांगल्या घरची म्हटलं गेलं. मामांना ते एक शब्द बोलले नाहीत. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी पश्चात्तापाचं समजून मालकांनी मला चहा मागवला. मी तो प्याले नाही.

बाहेर आल्यावर मी मामांना म्हणाले, "मामा, मला माफ करा."

"तुमी मुद्दाम केलं न्हाय," ते म्हणाले. आणि लगेच, "लिवून द्या की, बाई."

"काय?"

"आत्ता जे बोलला त्ये. मालकाला कागदच पटला न्हवं? गावातबी कागदच पटतोय. माझ्या तोंडाला कोण इचारतंय."

मी खोलीत गेले आणि फॉर्मच्याच पाठीमागं लिहिलं. मशीनचे गोळे झिजले ते कोळशातल्या दगडामुळं. एकही गोळा चोरीला गेलेला नाही. दगड असल्याचं तपासणीत दिसलं नाही, कारण नमुना घेताना तो मी काढून टाकत होते. चूक माझी. खाली पूर्ण नावानं सही केली, हुद्दा लिहिला, आणि कारखान्याचा शिक्का मालकांना न विचारता उठवला. नोकरी गेली तर गेली, असं तेव्हा वाटलं. ती गेली नाही, ती गोष्ट वेगळी.

कागद घेऊन शेडीत आले तेव्हा मशीन भरात होतं. मामांनी कागद हातात घेतला, सरळ-उलटा करून पाहिला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "ह्यात काय लिवलंय?" त्यांनी माझ्या कानाशी ओरडून विचारलं. मी ओरडून वाचायला लागले, पण त्या घणघणाटात माझं मलाच ऐकू येईना.

मामांनी हात वर करून मला थांबवलं. गेले आणि मशीन बंद केलं. दळण अर्ध्यावर असताना मशीन बंद केलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पिंप हळूहळू थांबलं, आतले गोळे गडगडत जागेवर बसले, आणि शेड इतकी शांत झाली की पोती शिवणाऱ्यानं मान वर केली. हमाल वजनकाट्यापाशी थबकले. शेजारच्या कारखान्यातले दोघे तारेपलीकडून बघायला लागले, काय बिघडलं म्हणून. मामा मशीनपाशी ताठ उभे राहिले, दोन्ही हात बाजूला सोडून.

"आता वाचा."

मी वाचलं. दगडाचं वाक्य नीट वाचलं. चोरी नाही, तेही नीट वाचलं. शेवटच्या ओळीशी आवाज खाली गेला आणि ते दोन शब्द मी कागदालाच सांगितल्यासारखे सांगितले.

मामा हलले नाहीत.

"शेवटलं ऐकू आलं न्हाय, बाई," ते म्हणाले. "त्ये परत वाचा."